तपासणी कोणाची

टण्णकन पेला फरशीवर पडला आणि सकाळची शांतता मोडली. अवंतिकाने वळूनही पाहिलं नाही. केदारची बोटं सकाळी वळत नाहीत, हे आता घरातल्या भांड्यांनाही ठाऊक झालं होतं.

"पाणी सांडलं," तो म्हणाला.

"सांडू दे. उपाशीपोटी रक्त द्यायचंय, चहा तर आज मिळणारच नाहीये."

केदारला आमवात होता. शरीर राखणारी यंत्रणाच त्याच्या सांध्यांवर उलटली होती. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरकही तपासायला सांगितलं. अशा पुरुषांमध्ये ते बरेचदा कमी सापडतं, पण कशामुळे काय होतं ते ठामपणे सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. केदार रक्त द्यायला गेला तो संध्याकाळी, कारण सकाळी त्याच्याने दाराची कडीसुद्धा निघत नसे. आकडा कमी आला. बाईंनी तो कागद बाजूला सारला. संध्याकाळी तो तसाही उतरतो, सकाळी दहाच्या आत या, मग बोलू.

म्हणून आज अवंतिकाने त्याचे हात अर्धा तास गरम पाण्यात धरले आणि आता ती त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. दुसऱ्या मुलासाठी दोघांनी दोन वर्षं दवाखान्यांचे खेटे घातले होते. दोष सुनेत आहे, असं केदारनेच आईला सांगून ठेवलेलं. "एवढं सांभाळून घे," इतकंच तो अवंतिकाला म्हणाला होता. तिने घेतलं होतं.

केदारची आई, इंदुताई, आतून आल्या. ताटात तांदूळ, खण आणि काल दाल बाजारातून आणलेला नारळ.

"थांब गं. डॉक्टरकडे निघालीस, अशीच कशी जाशील? ही सातवी ओटी. आणि तू पण जरा मनावर घे बाई. दिनभर नुसती पळत असतेस, दिवस कसे राहतील?"

अवंतिकाने सवयीने ओढणीचा पदर पसरला.

केदार शेवटच्या बटणाकडे बघत होता. "आई, राहू दे. तिची नाही, माझी तपासणी आहे. पहिल्यापासून माझीच होती. मी खोटं बोललो."

ताटातून उचललेला नारळ इंदुताईंच्या हातात तसाच राहिला.

"तुला काय होणार? तू तर पुरुषमाणूस."

"तेच तर तपासायचंय."

साडेआठ वाजले होते, आणि सिटी सेंटरच्या दवाखान्यात पोचायला अर्धा तास लागणार होता. अवंतिकाला निघायला हवं हे कळत होतं, पण पसरलेली ओढणी मिटायची कशी, हे सुचेना. इंदुताईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग नजर ताटात वळवली.

पाच वर्षांचा ध्रुव दारात बसून बिस्किट खात सगळं बघत होता.

"मम्मी," त्याने विचारलं, "तर मग आजी बाबांची ओटी का नाही भरत?"