नारायणरावांचा गळा, मुक्काम अकोला

अकोल्याहून आलेल्या त्या पत्राला नारायणरावांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ते त्यांना जेवताना, पेपर वाचताना, आंघोळीच्या दर तांब्याला आठवायचं. पत्र साधना नावाच्या डॉक्टरीणबाईंचं होतं. एक्स-रेच्या यंत्रापाशी राबलेल्या माणसांच्या अंगातले तुकडे जपून ठेवायचे आणि किरणांनी काय बिघडतं ते पाहायचं, हे त्यांचं काम. नारायणरावांनी उभा जन्म दवाखान्यात लोकांच्या हाडांचे फोटो काढले होते. निवृत्तीनंतर त्यांच्याच गळ्यातून गाठ निघाली. त्यांनी सही दिली म्हणून तिचा तुकडा आता अकोल्यात बर्फाहून थंड कपाटात होता. इकडे अमरावतीत कूलरसमोर घामाघूम बसलेल्या नारायणरावांना आपल्याच गळ्याचा हेवा वाटे.

बाईंनी लिहिलं होतं की तुमच्या बिल्ल्याची नोंद कायम शून्य आहे, म्हणून तुमचा नमुना किरणं न लागलेल्यांत ठेवतो आहोत. बरोबर आहे ना, एवढं कळवा.

बरोबर कुठलं! हा बिल्ला छातीला लावायचा असतो. अंगाला किती किरणं लागली ते त्यावरून मोजतात. पण लग्नानंतर नोकरी लागली, त्याच दिवशी सिंधूताईंनी तो नवऱ्याच्या खिशाला पाहिला आणि विचारलं, "हा किरणं धरते म्हणता न? मंग छातीवर कावून लावता?" दुसऱ्या दिवसापासून बिल्ला देव्हाऱ्यात, बाळकृष्णाशेजारी. मोजायला पाठवायच्या वेळी तेवढा दवाखान्यात जाई. नारायणराव पुस्तकी माणूस. वाद घालायला त्यांना आधी आधार लागे, आणि तो सापडेपर्यंत ड्युटीची वेळ व्हायची. अहवाल यायचा शून्य. पाहा, उपाय लागला, असं सिंधूताई म्हणायच्या. दवाखान्यानं तर दक्ष कर्मचारी म्हणून नारायणरावांना शाल-नारळ दिला. खरा मान बाळकृष्णाचा होता. इतकी वर्षं मोजत होते ते त्याला.

आता गप्प बसावं, तर शून्याच्या माणसालाही गाठ होते, म्हणजे किरणं निर्दोष, असं ठरणार. मग आज यंत्रापाशी उभ्या असलेल्या पोरापोरींचं कोण ऐकणार? आणि खरं लिहावं, तर गाठ कोणामुळे झाली, हा प्रश्न थेट सिंधूताईंच्या पदरात. नारायणरावांनी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश उघडणं बंद केलं.

शेवटी साधनाबाईंचा फोन आला. तो घेतला सिंधूताईंनी. बिल्ला एकही दिवस दवाखान्यात लावू दिला नाही, असं त्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं. मग, हे लेखी द्याल का, असं बाईंनी हळूच विचारलं.

सिंधूताई येऊन नवऱ्यासमोर बसल्या. "एक खरं सांगा. लावला असता तर गाठ झाली नसती काय?"

"बिल्ला अडवत नाही सिंधू. नुसता मोजतो."

"म्हंजे झालीच असती."

बिल्ल्यानं जास्त दाखवलं असतं, तर दवाखान्यानं त्यांना यंत्रापासून हलवलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जन्मात पहिल्यांदा वादाच्या वेळी आधार हाताशी होता, आणि तो त्यांनी गिळून टाकला. "झालीच असती," ते म्हणाले.

सिंधूताईंनी त्यांच्याकडे एकटक पाहिलं. पदरानं नाक पुसलं. "आन् नुसता मोजते हे तुमी मले आज सांगून राहिले? लिवा आता. अन् माहं नाव लिवा, नुसतं सौभाग्यवती नका लिवू. एकट्या मलेच अक्कल होती काय? बाकीच्यांच्या घरी बायकाइले इचारा म्हणा."

नारायणराव लिहायला बसले. जागोजागी क्षमा मागितली होती, ती सिंधूताईंनी वाचून खोडायला लावली. भाजी आणायला निघालेल्या सिंधूताई पोस्टापर्यंत सोबत आल्या. नारायणरावांनी पत्ता पुन्हा वाचला, पाकीट पेटीच्या तोंडात धरलं आणि ते तसेच उभे राहिले.

"अहो, सोडा आता," सिंधूताई म्हणाल्या. "मांगं लोकं उभे आहेत."

त्यांनी सोडलं.