देवदूतांचा वाटा

दादाची काठी जिन्यावर वाजली, तसं धाकट्याने बाटलीचं लेबल पुढे फिरवलं. लेबल चांगलं ऐसपैस होतं. त्यामागे दोन बोटं उरलेली व्हिस्की सहज लपत होती.

“काढ ती म्हातारी,” दादा खुर्चीत टेकत म्हणाला. “आज पंचाहत्तरी झाली माझी. दोघांनी मिळून उघडायचं ठरलं होतं ना?”

चाळीस वर्षं पिंपात मुरलेली सिंगल ग्रेन व्हिस्की. संपली तर दुसरी आणून ठेवावी, तर ती गाळणारी स्कॉटलंडमधली डिस्टिलरी केव्हाच बंद पडलेली. विद्यार्थ्यांनी दादाला निरोपाला दिलेली ही बाटली पाच वर्षांपूर्वी दादाच धाकट्याकडे ठेवून गेला होता. धाकट्याची बायको जाऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता आणि त्याला रात्र रात्र झोप लागत नव्हती.

“माझ्याकडे जागा नाही रे,” म्हणाला होता. दादाच्या घरी तीन कपाटं रिकामी होती.

पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, असं खोक्यातल्या पुस्तिकेत छापलं होतं. पुस्तिका पिंपाबद्दल बोलत होती. धाकट्याने ती बाटलीला लागू केली. दर वाढदिवसाला दादा पातळी बघायचा, धाकटा “देवदूत, दादा” म्हणायचा आणि दादा “असतील बुवा” म्हणून चहा मागायचा. मोडलेल्या बुचाच्या जागी व्हिनेगरच्या बाटलीचं बूच आलं, त्याबद्दलही दादाने चकार शब्द काढला नाही.

धाकट्याने दोन ग्लास मांडले. बाटली टेबलावर ठेवताना ती हातात फिरली, लेबल भिंतीकडे गेलं आणि तळाची व्हिस्की दादासमोर आली.

“दादा, ते देवदूत म्हणजे...”

“एकतीस वर्षं शाळेत बाष्पीभवन शिकवलं मी,” दादा म्हणाला. “बूच लावलेल्या बाटलीतून काही उडत नाही. सातवीच्या पोरालाही कळतं.”

धाकट्याची मान खाली गेली. दादाने बूच काढलं, होती नव्हती ती सगळी धाकट्याच्या ग्लासात ओतली आणि रिकाम्या बाटलीचा नुसता वास घेतला.

“आणि तुझा ग्लास?”

“मला डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वीच बंद केलीय.”

धाकटा हिशेब लावत राहिला. दादाची बंद होऊन सहा. बाटली इथे येऊन पाच.

दादाने ग्लास हलकेच त्याच्याकडे सरकवला.

“आता झोप लागते का रे?”