काकवीच्या केकमधली कॉफी

ॲडेल व्हाइट हाउसमध्ये राहायला गेली आणि इकडे आयोवातल्या तिच्या गावी वर्नाच्या अंगाचा तिळपापड होऊ लागला. सख्खी धाकटी बहीण राष्ट्राध्यक्षांची बायको झाली तर आनंद व्हायला हवा, हे वर्नालाही कळत होतं. होत नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

गावाने तर ताळतंत्रच सोडलं होतं. ॲडेलने केस कानाच्या वर कापले, की पुढच्या रविवारी चर्चमधल्या निम्म्या बायकांचे कान उघडे. शाळेतल्या मुलांना दुपारी गरम जेवण मिळावं म्हणून ॲडेल देशभर भाषणं देत फिरली. वर्नाची हीच मागणी शाळा समितीने दोनदा हसण्यावारी नेली होती. आता त्याच समितीने चार महिन्यांत स्वयंपाकघर बांधलं आणि वर ॲडेलचं नाव लावलं. वर्नाने तिथे पाऊल टाकलं नाही.

अंथरुणाला खिळलेल्या आईला अकरा वर्षं सांभाळलं ते वर्नाने. तिच्या वाट्याला एकच गोष्ट आली होती, आईचा काकवीचा केक. जिल्ह्याच्या जत्रेत पहिल्या बक्षिसाची निळी फीत सलग चौदा वर्षं त्याच केकला मिळत होती. एवढं एक ॲडेलकडे नव्हतं.

आणि नेमकं तेच मागणारं पत्र वॉशिंग्टनहून आलं. वर्तमानपत्रांना आईच्या केकची कृती हवी होती. वर्नाने सुवाच्य अक्षरात ती लिहिली, फक्त कपभर कोऱ्या कॉफीच्या जागी कपभर दूध लिहिलं.

"खाऊ दे देशाला मिळमिळीत केक," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, बहीण आहे तुझी," क्लाइड म्हणाला.

"म्हणूनच."

कृती छापून आली. देशाला केक मुळीच मिळमिळीत लागला नाही. घरोघरी तोच होऊ लागला आणि ऑगस्टच्या जत्रेत वर्नाच्या केकशेजारी दुधाचे नऊ केक येऊन बसले. निळी फीत त्यातल्याच एकाला गेली.

"तुझाही छान आहे गं," परीक्षक मिसेस गुंडरसन समजुतीने म्हणाल्या. "पण अस्सल नाही. इतकी वर्षं आम्हाला मूळ कृती ठाऊक नव्हती, म्हणून चालून गेलं."

क्लाइडने तिला कोपराने ढोसलं. पण बोलायचं म्हणजे खोटी कृती पाठवल्याचं साऱ्या गावासमोर कबूल करायचं. वर्नाने दुसऱ्या नंबरची लाल फीत मुकाट्याने घेतली.

दुसऱ्या दिवशी चर्चहून परतल्यावर ॲडेलचा फोन आला. फितीचं तिच्या कानावर गेलंच होतं.

"दूध वाचलं तेव्हाच ओळखलं मी," ती म्हणाली. "लहानपणी केकसाठी कॉफी मीच गाळून द्यायचे ना आईला. म्हटलं, वर्नाला ती आपल्या घरातच ठेवायची असेल. म्हणून कुणाला बोलले नाही. बरं केलं ना?"

ॲडेल नुसती दिखाऊ आहे, या एका समजुतीवर वर्नाने इतकी वर्षं काढली होती.

"बरं केलंस," ती कशीबशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली?" क्लाइडने विचारलं.

"चांगली आहे मेली," वर्ना म्हणाली. आणि त्याबद्दल मात्र तिने ॲडेलला जन्मात क्षमा केली नाही.