शेत मोकळे केले

अपेक्षा पेन्सिलीच्या टोकानं कागदावर ठिपके मारत होती. मध्ये दाट, कडेला विरळ. ड्यूटीला निघालेला तिचा बाप विश्राम बुटाची नाडी बांधता बांधता थांबला. फौजेतून आल्यापासून तो हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर होता.

"ह्यो कसला नकाशा?"

"नकाशा न्हाई, आबा. इलेक्ट्रॉन हाय. बारावीला हाय आमाला."

"एवढे?"

"एकच. पण तो नक्की कुटं हाय ते सांगता येत न्हाई. ठिपके दाट, तितं सापडायची शक्यता जास्त. मोजून बघेपर्यंत त्याला ठरलेली जागाच नसते."

"म्हंजी बघितलंच न्हाई, तर तितं हाय असं म्हणता येत न्हाई?"

"व्हय."

त्यानं पुन्हा तेच विचारलं. ती हसली, पण त्याचा चेहरा बघून ठिपके मारायची थांबली.

सीमेवरचं त्यानं घरात कधी काढलं नव्हतं. आता जमिनीकडे बघत तो सांगू लागला. २००२ साली युद्ध होणार म्हणून त्याच्या तुकडीनं एका म्हाताऱ्याच्या बाजरीच्या शेतात चारशे बारा सुरुंग पुरले. वर्षभरानं निघाले चारशे अकरा. वाळू सरकली होती. चार दिवस शोधून माणसं थकली; सगळ्यांच्या रजा मंजूर झाल्या होत्या. विश्रामनं 'चारशे बारा काढले, शेत मोकळे केले' असं लिहून सही केली.

"शेत परत मिळालं म्हणून म्हातारा माझ्या पाया पडला," तो म्हणाला. "मी पडू दिलं."

अपेक्षानं पेन्सिल खाली ठेवली.

"सुरुंगाचं तसं नसतं, आबा. कुणी बघो न बघो, तो असतोच."

"ठाव हाय मला."

बाहेर ड्यूटीच्या गाडीनं दोनदा हॉर्न दिला. तो उठला नाही. गाडी त्याला न घेताच निघून गेली.

"तुजं अक्षर बरं हाय," तो म्हणाला. "पलटणीला पत्र लिहायचंय."

तो सांगत गेला, ती लिहीत गेली: गावाचं नाव, म्हाताऱ्याचं नाव, विहिरीपासून किती पावलं. त्याला सगळं पाठ होतं. शेवटी तिनं पत्र वाचून दाखवलं. "...एक सुरुंग कमी असल्याचे नंतर लक्षात आले..."

"नंतर असं मी न्हाई सांगितलं."

"मीच घातलं, आबा. तुमाला कुणी काय बोलू नये म्हणून."

त्यानं कागदावरच्या 'नंतर' या शब्दावर बोट ठेवलं.

"सही केली त्याच दिवशी, असं लिही."

अपेक्षाची मान खाली गेली. तिनं नवा कागद घेतला.