भिंत दुरुस्त करायची होती

डॉक्टरांना खोटं बोलताना वहिनीनं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा तिला त्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

चिमीचा दमा उसळला होता. दवाखान्यातल्या मशीनची वाफ घेऊनही पोरीच्या छातीतली शिट्टी थांबेना, म्हणून डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून खाट नसल्याचं पालुपद सुरू झालं, तसे हे कडाडले, "मुलगी निळी पडतेय. शुद्ध हरपत चाललीय. पाठवू, की इथंच मरू देऊ?" चिमी बाकावर धापा टाकत होती हे खरं, पण पाय हलवत बिस्किटही कुरतडत होती. फोन ठेवून डॉक्टर हसले. "साधं बोललं की कुणी ऐकत नाही, वहिनी. खाट हवी असेल तर पेशंटला मरणाच्या दारात नेऊन बसवावं लागतं." खाट मिळाली आणि पोर बरी होऊन घरी आली.

वहिनी ती चिमीची आई. सगळी इमारतच तिला वहिनी म्हणायची. खिडकीशी शिलाई मशीन टाकून ती लोकांचे कपडे शिवायची; नवरा ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. घर म्हणजे एक खोली, आणि तिची मागची भिंत बाराही महिने ओली. वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून पाणी आत मुरत होतं. पलंगामागे काळी बुरशी धरायची, वहिनी ती पुसून पुसून थकली होती. मालकाला सांगावं तर तो म्हणे, "कपडे घरात वाळत घालता, मग ओल येणार नाही तर काय होईल?" भाडं वाढवायला आला की मात्र त्याला ती भिंत खडखडीत कोरडी दिसायची.

चिमी परतल्यावर डॉक्टर आपण होऊन घर बघायला आले. कुठला डॉक्टर असं करतो? त्यांनी पलंग ओढला, भिंतीवर तळहात टेकवला आणि भडकले. तो संताप खरा होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"मी इकडे पंप देतोय आणि ही भिंत रोज पोरीला विष पाजतेय," ते म्हणाले. "घरांच्या खात्यात तक्रार करू. सुनावणीत मी स्वतः बोलतो. पण एकट्या घराला कुणी भीक घालत नाही, सगळी इमारत पाठीशी हवी."

"घर जाणार नाही ना, डॉक्टर? मला भिंत दुरुस्त करून हवीय, बाकी काही नको. एवढ्या भाड्यात दुसरीकडे उभंही करणार नाहीत आम्हाला."

"घर कशाला जाईल? माझा शब्द आहे."

त्या शब्दावर वहिनी दारोदार फिरली. सगळे तयार झाले, शेजारची मावशी तेवढी बधेना. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला, खोकून खोकून बेजार. "मालकाशी वाकडं घेऊन राहायचं कुठं, बाई?" ती म्हणायची. वहिनी तिच्या ओट्याशी बसून भाजी निवडायची आणि तिची समजूत काढायची. शेवटी म्हणाली, "चिमीची शपथ, मावशी. कुणाचंही घर जाणार नाही." मग मावशी विरघळली. तिनं डॉक्टरांना आत घेतलं, नवऱ्याची छाती दाखवली, भिंतही दाखवली.

सुनावणीच्या दिवशी अधिकारी जांभया देत होता. मालकाच्या वकिलानं सांगितलं की ओल किरकोळ आहे, रंग मारून देऊ. अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि पुढच्या फायलीकडे हात नेला. डॉक्टर ताडकन उठले.

"साहेब, ही इमारत माणसांनी राहायच्या लायकीची नाही. भिंती कधीही खाली येतील. एक रात्रसुद्धा तिथं कुणी झोपता कामा नये."

आवाज वहिनीच्या ओळखीचा होता, फोनवरचाच. भिंती पडणार नव्हत्या, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही. पण ती मनात सुखावली. आता खाट मिळते, असं तिला वाटलं.

अधिकारी सावरून बसला. "डॉक्टर म्हणून सांगताय हे?"

"हो."

आता वकिलानं हरकत घ्यायला हवी होती. तो मालकाच्या कानाशी लागला, मालक गालात हसला, आणि वकील म्हणाला, "आमचं काही म्हणणं नाही." इमारत रिकामी झाली तर मालकाला हवंच होतं.

इमारत खाली करण्याचा हुकूम तिथल्या तिथं झाला. वहिनी उठली. "साहेब, आम्हाला फक्त भिंत दुरुस्त करून—"

"बाई, डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? उद्या छत पडलं तर जबाबदार कोण?"

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. मी वाढवून सांगितलं, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं. त्यानं काही डॉक्टरकी गेली नसती, फार तर चारचौघांत मान खाली गेली असती. ते समोरचे कागद सारखे करत बसले.

सामान खाली आणताना मावशीनं वहिनीला जिन्यात गाठलं. "केसानं गळा कापलास माझा," ती शांतपणे म्हणाली. "पोरीची शपथ घेतली होतीस." नवऱ्याला हातगाडीवर निजवून ती भाच्याकडे गेली. तिथून पुढं कुठं गेली ते कुणी सांगितलं नाही.

वहिनी नणंदेकडे राहिली. शिलाई मशीन पलंगाखाली गेलं, कारण मांडायला जागा नव्हती. नणंद तोंडानं काही बोलायची नाही, भांडी आपटायची.

पण नणंदेच्या भिंती कोरड्या होत्या. पुढं चिमीला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी कानातली नळी काढली आणि म्हणाले, "छाती अगदी स्वच्छ आहे." वहिनीला आनंद झाला आणि त्या आनंदाचाच राग आला.

"ते दुरुस्तीचा हुकूम देतील, असं वाटलं होतं मला," डॉक्टर चाचरत म्हणाले. "खात्यानं दगा दिला आपल्याला."

"आपल्याला?" वहिनी म्हणाली. "तुम्ही कुठल्या नणंदेकडे राहताय?"

ते ओशाळले. तरी बोललेच. पलीकडच्या गल्लीत अशीच इमारत आहे, पोरं आजारी आहेत, पण लोक दार उघडत नाहीत. "तुम्ही बरोबर आलात तर विश्वास ठेवतील."

"येते की," वहिनी म्हणाली, आणि डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला.

दार उघडणाऱ्या बाईचे हात ओले होते. मागं पलंग, पलंगामागं तीच काळी बुरशी. डॉक्टरांनी तळमळून सगळं समजावलं. बाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर जाणार नाही ना?"

"नाही. माझा—"

"मलाही यांनी शब्द दिला होता," वहिनी म्हणाली. "तोच मी शेजारणीला दिला. आज आम्हा दोघींनाही घर नाही. औषध यांच्याकडूनच घ्या, हाताला गुण आहे. भिंत मात्र दाखवू नका."

बाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

डॉक्टर मान खाली घालून जिना उतरायला लागले. वहिनी निघणारच होती, एवढ्यात आत लहान पोराला खोकल्याची उबळ आली, आणि उबळ ओसरल्यावर छातीतली ती बारीक शिट्टी दाराबाहेरही ऐकू यायला लागली. दार पुन्हा वाजवावं म्हणून तिनं हात उचलला. आत जाऊन आपण सांगणार काय, ते तिला सुचलं नाही, आणि हात तसाच राहिला.