बाबाईचे चार कोंब

आमच्या प्रवाळबेटावर कुणी दुसऱ्याच्या बाबाईच्या खड्ड्यात डोकावत नाही. बाबाई म्हणजे मोठ्या कंदाचे अळू; ते जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खणलेल्या खड्ड्यात वाढते. खत कोणते घालायचे, कंद कसा पोसायचा, हे ज्या त्या घराचे गुपित. मी पाण्यातला क्षार मोजते म्हणून मला खड्ड्यात उतरू देतात; तेही आकडा कुणाला सांगणार नाही, असे वचन घेऊन.

तेबेराममामाच्या खड्ड्यातले पाणी मचूळ झाले. अळवासारखी ती उंच पाने कडेने करपली, कंद सडले. आजोबांच्या वाणाचे चारच कोंब हिरवे उरले. आपल्याच हातून खत चुकले, असे मामा म्हणत राही. मी त्याला समजावले, की जगभरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो, समुद्र तापून फुगतो, वितळलेले बर्फ त्यात भर घालते, आणि खारे पाणी बेटाखालच्या गोड्या पाण्यात शिरते.

"आणि तो धूर शेजारच्या कैतूचं घर ओलांडून नेमका माझ्याच खड्ड्यात उतरतो, होय गं?"

मी आकड्यांची वही मिटली.

रविवारी प्रार्थना झाल्यावर मामाने कोंब ओल्या काथ्यात गुंडाळले आणि मला घेऊन कैतूकडे गेला. मेजवानीत कुणाचा कंद मोठा, यावरून या दोघांची वीस वर्षे चढाओढ. मामाने काथ्या सोडला आणि मान खाली घालून चार कोंबांपुरती जागा मागितली.

"इतकी वर्षं माझे कंद तुला मुठीएवढे दिसायचे," कैतू म्हणाला. मग त्याने हात पुढे केला. "आण इकडे. पोसतो." माझ्याकडे बघायचे मात्र त्याने टाळले. गेल्याच महिन्यात मी त्याच्या खड्ड्यातला क्षार मोजून त्याला आकडा सांगितला होता.

"मामा, देऊ नकोस," मी म्हणाले. "इथलं पाणी तुझ्या पाण्यापेक्षा खारं आहे."

कैतूचा हात तसाच राहिला. वचन मोडल्याबद्दल तो मला बोलेल असे वाटले, पण तो खाली चटईवर बसला. मामाही त्याच्याशेजारी टेकला.

"मग गोडं कुणाचं आहे?" मामाने विचारले. "त्याच्या पाया पडतो."

एकोणीस घरे मी मोजली होती. त्यातल्या एकाचेही पाणी गोडे उरले नव्हते; मी मान हलवली.

"मला वाटायचं, माझंच एकट्याचं खारं झालंय," कैतू म्हणाला.

मामाने कोंब पुन्हा गुंडाळायला घेतले, आणि मध्येच थांबला. आता ते न्यायचे कुणाच्या खड्ड्यात?