आईच्या नावावरचा वेळ

आईने अंथरूण धरलं, तेव्हा थोरल्याने परगावी बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते म्हणजे धाकटीच्या लॅपटॉपवर एक एडिटर, म्हणजे नोंदी लिहिण्याचा प्रोग्रॅम, बसवून दिला.

"फुकट आहे," तो फोनवर म्हणाला. "जगभरातले लोक हौसेने हा प्रोग्रॅम बनवतात, मीही त्यात आहे. यात घड्याळ आहे. आईजवळ बसलीस की सुरू कर, उठलीस की बंद. मीही माझा वेळ मांडतो. महिनाअखेर ज्याचा वेळ कमी, त्याने पुढचा महिना आईकडे राहायचं. उगाच वादावादी नको."

धाकटी ग्रंथालयात नोकरीला होती आणि बिनपगारी रजेवर होती. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरी व्यक्ती बघतो, असं वरिष्ठांनी गोड आवाजात सांगितलं होतं. तिला हा हिशेब फारच सोयीचा वाटला.

महिना संपायला आठवडा उरला तेव्हा एडिटरने बेरीज केली. थोरल्याच्या नावावर फोनवर बोलण्याचे काही तास. धाकटीच्या नावावर शून्य.

"म्हणजे मी महिनाभर इथे नव्हतेच?"

"मी कुठे म्हणतोय? प्रोग्रॅम म्हणतोय. थांब, बघतो."

थोरला कामाला लागला. आईच्या आजारपणात त्याला इतक्या उमेदीने झटताना कुणी पाहिलं नव्हतं. दिवसातून चार-चारदा फोन. आईला कसं आहे हे विचारायचं राहून जाई, पण ते कामाच्या गडबडीत. शेवटी मेख सापडली. धाकटीचा लॅपटॉप आपल्या भाषेत चालत होता, म्हणून एडिटर तारखेपुढे 'गुरुवार' असं लिहीत होता. बेरीज करणाऱ्या भागाला मात्र वार इंग्रजीतच हवा होता. तो नाही दिसला की अख्खी ओळ निमूटपणे सोडून द्यायची. लिहिणारा भाग एका स्वयंसेवकाचा, वाचणारा दुसऱ्याचा, आणि दोघांची कधी गाठ पडलेली नव्हती.

थोरल्याने दुरुस्ती केली. जगभरातून शाबासकी आली. धाकटीने पुन्हा बेरीज केली, तर जवळजवळ सगळा महिना तिच्या नावावर.

"दादा, एक तारखेला ये मग."

"येतोच गं. पण एवढे तास? तू झोपत नाहीस का?"

"आईजवळच झोपते. ती रात्रीची उठवते."

"मग त्याला बसणं कसं म्हणायचं? आणि दुरुस्तीचे माझे तास मी आईच्याच नावावर टाकलेत हं. तिच्यासाठीच केलं ना सगळं."

तरीही पारडं धाकटीचंच जड राहिलं. तेव्हा थोरल्याने एडिटरमध्ये आणखी एक सोय केली. घड्याळ चालू आहे, पण बराच वेळ कीबोर्डवरची एकही की दाबलेली नाही, तर तो वेळ रिकामा समजून वजा करायचा. ऑफिसात लोक घड्याळ चालू ठेवून चहाला जातात, त्यांच्यासाठी म्हणे. धाकटीचा आकडा पुन्हा शून्यावर आला. या वेळी त्यात काहीही चूक नव्हती.

"दादा, आईची कूस बदलताना मी की कशी दाबू?"

"अगं चिमे, मधूनमधून एखादी दाबायची. स्पेस दाब. काही बिघडत नाही त्याने."

धाकटी स्पेस दाबू लागली. एक तारीख आली आणि गेली. ग्रंथालयात नवी मुलगी रुजू झाली. जुन्या मासिकांच्या कपाटाची किल्ली कुठे असते, हे विचारायला तिने धाकटीलाच फोन केला. धाकटीने सांगितलं.

पुढे एडिटरवाल्यांचं संमेलन भरलं. थोरला आठवडाभराची रजा टाकून, विमानाने गेला. त्याच्या भाषणाचा व्हिडिओ त्याने आवर्जून धाकटीला पाठवला. तिने लॅपटॉप आईच्या उशाशी ठेवला. थोरला मंचावर उभा होता. मागच्या पडद्यावर त्याने उदाहरणादाखल एक नोंद दाखवली होती. वर मोठ्या अक्षरांत मथळा होता, 'आई'. लोक टाळ्या वाजवत होते.

आई बराच वेळ बघत राहिली.

"अंगाने भरलाय," ती म्हणाली. "कशाबद्दल बोलतोय?"

"तुझ्याबद्दल."

"मग इथे येऊन का नाही बोलत?"

"त्याला वेळ कुठाय, आई."

कूस बदलायची वेळ झाली होती. धाकटीने सवयीने आधी स्पेस दाबली, आणि पडद्यावरचा थोरला बोलता बोलता थांबला. त्याला तसाच तोंड उघडं ठेवून तिने आईच्या पाठीखाली हात घातला.